भरतीसाठी भरीचे शब्द

सैन्यात अधिकारी व्हायचं म्हणून गावाकडची मुलं एसएसबीच्या तयारीला लागतात आणि 'स्पोकन इंग्लिश'च्या क्लासची पायरी चढतात. तिथे बऱ्याच ठिकाणी पहिल्या आठवड्यातच हातात एक पुडी पडते: 'अ‍ॅक्च्युअली', 'बेसिकली', 'यू नो', 'आय मीन'. शब्द सुचला नाही की यातला एक टाका, इंग्रजी फाडफाड येतं असं वाटेल. वाटेल! येईल नव्हे. माझं भांडण या 'वाटेल'शी आहे.

बोलताना अडखळणं हा गुन्हा नाही. आपण 'म्हणजे', 'ते आपलं हे' करतो, इंग्रज 'अ', 'अम्' करतो. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या अभ्यासकांनी २००२ साली मांडलं की 'अ' छोट्या थांब्याची सूचना देतो, 'अम्' मोठ्या. म्हणजे ऐकणाऱ्याला सांगणं असतं, जरा थांब, शब्द येतोय.

फौजी मंडळींना हे ओळखीचं वाटेल. वायरलेसवर 'वेट' म्हणजे काही सेकंद थांबा आणि 'वेट आऊट' म्हणजे वेळ लागेल, मी पुन्हा बोलवीन. आपण स्विच दाबून धरला की त्या नेटवर दुसऱ्याला बोलता येत नाही, म्हणून आधी विचार करायचा, मग स्विच दाबायचा. ऐकू आलं नाही तर 'रिपीट' म्हणायचं नाही, 'से अगेन' म्हणायचं. कारण तोफखान्याच्या भाषेत 'रिपीट' म्हणजे तोच मारा पुन्हा करा. एका शब्दाला एवढं वजन असतं.

'बेसिकली'ला असलं काही वजन नाही. तो थांबायला सांगत नाही, माहिती नसल्याचं झाकतो. "सर, बेसिकली गाड्या मोस्टली रेडी आहेत." अरे, किती? रात्री निघायचंय! "बारापैकी नऊ तयार, तीन वर्कशॉपमध्ये" असं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगणारा हवालदार मला केव्हाही चालेल. युनिटमध्ये मल्याळी, नागा, पंजाबी, मराठी, प्रत्येकाचं इंग्रजी आपापल्या गावच्या चालीचं असतं. त्या चालीमुळे कुणाचं काम अडलेलं मी पाहिलेलं नाही. गुळमुळीत रिपोर्टमुळे मात्र रोज अडतं.

कुणी म्हणेल, पण बोर्डासमोर छाप पडायला नको का? लेक्चरेटला मिळतात तीन मिनिटं. त्यातला वेळ 'यू नो'वर उधळला तर मुद्दे कधी मांडणार? आणि समोर बसलेल्यांनी अशी शेकडो मुलं पाहिलेली असतात. पाठ केलेला आत्मविश्वास त्यांना लगेच कळतो.

क्लासवाल्यांनो, मराठी माध्यमातल्या मुलाला त्याच्या थांबण्याची लाज वाटायला लावून तुम्ही फी घेता. त्यापेक्षा त्याला छोटं वाक्य पूर्ण करायला शिकवा. माहीत नसेल तर 'आय डोंट नो, सर' असं मान वर करून सांगायला शिकवा.

आणि पोरांनो, शब्द सुचला नाही तर दोन सेकंद गप्प राहा. उद्या तुमच्या एका शब्दावर तीस माणसं पाऊल टाकणार आहेत. तो शब्द सापडेपर्यंत थांबायची सवय आजच लागलेली बरी.