आधी पट्टा, मग पेचकस



हिवाळ्याच्या रात्री अंधारात लोकरी स्वेटर अंगातून काढला, की चटचट आवाज होतो आणि बारीक ठिणग्या दिसतात. आपल्या परभणी जिल्ह्यात हा अनुभव कोणाला नाही? ही स्थिरविद्युत. आपल्याला तिची गंमत वाटते. पण संगणकाचा मुख्य बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, तिच्यामुळे कायमचा निकामी होऊ शकतो.

बोटातून उडालेली ठिणगी आपल्याला जाणवते ती साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. बोर्डावरील काही नाजूक भाग मात्र १०० व्होल्टलाही बिघडतात. म्हणजे नुकसान होऊन जाते आणि हाताला त्याचा पत्ताही लागत नाही! हवा दमट असली, तर वस्तूंवर साचलेला विद्युतभार हळूहळू निघून जातो. मराठवाड्याची हवा पावसाळा सोडला तर कोरडी. मार्च ते मेमधील दुपारी तर फारच कोरडी. म्हणून मुंबईच्या तंत्रज्ञापेक्षा जिंतूर-पाथरीच्या तंत्रज्ञाने अधिक जपले पाहिजे.

बँकेत किंवा विद्यापीठात एक मोठा संगणक इतर अनेक संगणकांना माहिती पुरवतो. तो सर्व्हर. त्याचा मुख्य बोर्ड बिघडला, तर जाणता तंत्रज्ञ काय करतो? माहितीची प्रत सुरक्षित आहे ना, हे तो प्रथम पाहतो. मग सर्व्हर रीतसर बंद करतो आणि विजेच्या सर्व वायरी काढतो. सर्व्हरला बहुधा दोन वीजपुरवठे असतात. एकच वायर काढली तर बोर्डात वीज राहतेच! नंतर चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून तो उरलासुरला भार काढून टाकतो.

आता मनगटाला पट्टा. त्याचे दुसरे टोक सर्व्हरच्या पेटीच्या रंग नसलेल्या धातूला जोडतात. त्यामुळे माणूस आणि यंत्र यांच्यात व्होल्टचा फरक राहत नाही. पट्ट्यात १० लाख ओहमचा रोध असतो. चुकून २३० व्होल्टचा स्पर्श झालाच, तरी पट्ट्यातून फक्त ०.२३ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. गणित तुम्हीच करून पाहा!

पेचकस हाती येतो तो यानंतर. प्रत्येक वायरीवर चिठ्ठी, स्क्रू वेगळ्या वाटीत, आणि बोर्ड नेहमी कडेला धरायचा. नवा बोर्ड पिशवीतून काढण्याआधी पिशवी पेटीच्या धातूला टेकवायची. सर्व जोडण्या पुन्हा तपासल्यावरच वीज सुरू.

आता मुद्द्याचे बोलू. पुष्कळ शाळांत बिघडलेला संगणक कपाटात धूळ खात पडतो. मुलांनी हात लावला तर बिघडेल, ही भीती. पण जो मुळातच बंद पडला आहे, तो आणखी काय बिघडणार? आमचे मत असे, की प्रत्येक शाळेने असा एक संगणक मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली उघडून पुन्हा जोडू द्यावा. सर्व्हर तंत्रज्ञाकडेच राहू द्या. क्रम मात्र तोच शिकता येतो.

एक मर्यादा पाळलीच पाहिजे. वीजपुरवठ्याची बंद डबी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. आणि ज्या शाळेत विजेची अर्थिंग नीट नाही, तिने आधी ती दुरुस्त करून घ्यावी. नव्या संगणकांचा विचार मग करावा.

कोणी म्हणेल, एवढी शिस्त शिकायला फार वेळ लागतो. लागू दे! तालुक्याच्या गावी यंत्र बंद पडले, की मोठ्या शहरातून माणूस येईपर्यंत काम थांबते. ते काम गावातल्याच जाणत्या हातांनी व्हावे, असे वाटत असेल, तर ते हात शाळेतच घडवावे लागतील. यंत्राला भिऊन दूर राहणे आणि धसमुसळेपणाने ते उघडणे, दोन्हींत अज्ञानच आहे. कारण ओळखून, क्रमाने काम करणे म्हणजे विज्ञान.

तेव्हा आपल्या शिक्षकांना विचारा: शाळेच्या कपाटात एखादा बंद पडलेला संगणक आहे का?