'निकल अँड डाइम' : चिल्लरीचे क्रियापद

अमेरिकन इंग्रजीत 'निकल अँड डाइम' असा एक वाक्प्रचार आहे. निकल म्हणजे पाच सेंटांचे नाणे, डाइम म्हणजे दहा सेंटांचे. (पाच सेंटांच्या या नाण्यात निकल हा धातू चौथाईच असतो, बाकी सारे तांबे, आणि दहा सेंटांचे नाणे आकाराने त्याहून लहान. असो.) विशेषण म्हणून वापरला की त्याचा अर्थ क्षुल्लक, किरकोळ. इथवर भाषांतरकाराचे काही अडत नाही.

अडते ते क्रियापदापाशी. विमान कंपनीने तिकीट स्वस्त ठेवून सामानाचे, खिडकीजवळच्या आसनाचे पैसे निराळे लावले, की अमेरिकन प्रवासी म्हणतो, यांनी मला 'निकल अँड डाइम' केले. म्हणजे चिल्लर आता नुसती खर्च होत नाही, कोणीतरी ती काढून घेत असतो. प्रत्येक रक्कम इतकी लहान, की तिच्यावरून भांडायची आपल्यालाच लाज वाटावी. घेणाऱ्याची सारी भिस्त या लाजेवर असते.

बार्बरा एरेनराइक यांनी २००१ साली आपल्या पुस्तकाला 'निकल अँड डाइम्ड' हे नाव दिले. फ्लोरिडा, मेन आणि मिनेसोटा या राज्यांत वेट्रेस, घरसफाई कामगार, वॉलमार्टमधील कर्मचारी अशी कामे करून त्या मजुरीत जगता येते का, हे त्यांनी स्वतः अजमावले. घराची अनामत एकरकमी भरता येत नाही म्हणून मोटेलचे महागडे भाडे भरत राहणारी माणसे त्यांना तिथे भेटली. शीर्षकातले क्रियापद कर्मणी आहे आणि त्याचा कर्ता गाळलेला आहे. हे कोणी केले, याचा शोध वाचकाने घ्यायचा.

मराठीत याला काय म्हणावे? 'थेंबे थेंबे तळे साचे' विद्यार्थ्यांना चटकन सुचते. पण तिथे साठते, इथे झिरपून जाते. आमच्यापैकी एकाने 'पैपैला महाग झालेले' सुचवले. त्यात दैन्य आहे, ते आणणारा मात्र नाही. दुसऱ्याचा आग्रह 'नाडलेले' या शब्दाचा होता आणि अखेर आम्ही दोघेही त्यावर आलो. तरी एक खटकत राहतेच. 'नाडलेला' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सावकार उभा राहतो, त्याला घर असते, नाव असते. एरेनराइक यांच्या वेट्रेसला नाडणाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहायचे झाले, तर ते दार कोणते?