पावसाचा डेटा सांडोरला पुरापासून वाचवू शकतो का?

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला. नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचल्यानं लोकल थांबल्या, वीज गेली, मिठागरांत अडकलेल्या लोकांची सुटका करावी लागली. तेव्हापासून दर पावसाळ्यात एकच प्रश्न विचारला जातो: पाणी कुठे आणि कधी तुंबणार, हे आधी कळू शकतं का?

सेन्सर काय करतात?

स्वयंचलित पर्जन्यमापक ठरावीक मिनिटांनी पावसाचे आकडे पाठवतो. नाल्यावरचा सेन्सर पाण्याची पातळी सांगतो. त्याला भरतीची वेळ, जमिनीचा उतार आणि नाल्यांचे नकाशे जोडले की कोणत्या भागात किती पाणी साचेल, याचा अंदाज संगणक बांधतो.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्यानंतर शहरभर हवामान केंद्रं उभी राहिली आणि जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर इशारा यंत्रणा सुरू झाली. तीन दिवस आधी अंदाज देणं हा तिचा उद्देश आहे.

वसईचं गणित वेगळं का?

पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी आणि पश्चिमेला समुद्र. डोंगरातून उतरलेलं पाणी खाडीकडे निघतं तेव्हा भरती असेल तर ते मागे तुंबतं. म्हणजे तेवढाच पाऊस ओहोटीच्या वेळी निभावतो आणि भरतीच्या वेळी घरात शिरतो.

सांडोरसारख्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे: बावखलं. वाड्यांच्या शिंपणासाठी खोदलेली ही गोड्या पाण्याची तळी पावसाचं पाणी साठवतात आणि जमिनीत मुरवतात. वसईत अनेक बावखलं बुजवली गेली. नकाशात ती नसतील, तर संगणकाच्या हिशोबातही नसतील.

डेटा कुठे फसतो?

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरानं खड्डे शोधण्यासाठी ‘स्ट्रीट बम्प’ हे मोबाईल ॲप आणलं. पण स्मार्टफोन जास्त असलेल्या सुखवस्तू वस्त्यांतले खड्डेच त्यात जास्त दिसण्याचा धोका लक्षात आला. जिथून आकडा येत नाही, तिथे अडचणच नाही असं वाटू लागतं. चारच नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून २००९ मध्ये झालेल्या वसई-विरार महापालिकेत हा धोका मोठा आहे. सेन्सर फक्त स्टेशनजवळ बसले, तर गावं कोरी राहतील.

मग काय हवं?

२०१८ नंतर महापालिकेनं नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्याकडून पुराच्या कारणांचा अभ्यास करून घेतला. त्यात पाणी साठवणाऱ्या धारण तलावांवर भर होता. बावखलं तेच काम गावपातळीवर करतात.

म्हणून सेन्सरसोबत बावखलांची मोजणी हवी, आकडे सर्वांना खुले हवेत, आणि पातळी वाढल्यावर पंप कोण सुरू करणार, हेही आधी ठरलेलं हवं. इशारा माणसांना वेळेवर हलवू शकतो. पाण्याला मात्र जागाच लागते.