शेपूट छोटं, काम मोठं!



आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून साधारण २५ किलोमीटरवर गाडीवाट नावाचं गाव आहे. २०१९ साली तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना विचारलं गेलं, "कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल?" कित्येकांनी उत्तर दिलं, "जपानी!" का? तर त्यांना यंत्रमानवांचं, म्हणजे रोबोंचं भारी आकर्षण! २०२० साली शहरातल्या एका जाणकारांनी त्यांना ऑनलाइन धडेही दिले.

"बाप रे! आम्हाला इंग्रजीच जड जातं, जपानी कुठली जमायला?" असं मनात आलं ना? थांबा. आधी हे वाक्य वाचा.

'वाताशी वा गाक्को ए इकिमास.'

वाताशी म्हणजे मी, गाक्को म्हणजे शाळा आणि इकिमास म्हणजे जातो. मी शाळेकडे जातो. बघा, क्रियापद अगदी आपल्यासारखं शेवटी! 'ए' म्हणजे आपलं '-कडे'. आणि 'वा'? तो सांगतो, की बोलणं कोणाविषयी चाललं आहे.

आपल्या विभक्ती प्रत्ययांसारखेच हे इवले शब्द नामाच्या मागे शेपटासारखे येतात. 'नो' म्हणजे चा-ची-चे. 'वाताशी नो होन' म्हणजे माझं पुस्तक. 'मो' म्हणजे आपला 'ही'. 'वाताशी मो', मीही. प्रश्न विचारायचा असेल, तर वाक्याच्या शेवटी चक्क 'का' लावायचा! 'इकिमास का?' म्हणजे 'जाता का?' आणि आपण 'छान आहे ना' म्हणतो, तिथे जपानी माणूस शेवटी 'ने' म्हणतो. आहे की नाही गंमत?

आणखी एक सोय. मराठीत प्रत्यय लागताना 'घोडा'चं 'घोड्या' होतं, 'शाळा'चं 'शाळे' होतं. जपानीत मूळ शब्द जसाच्या तसा राहतो.

पण शेपूट चुकलं, की घोटाळा! नेको म्हणजे मांजर, इनु म्हणजे कुत्रा, मिमास म्हणजे बघतो. 'गा' करणाऱ्यामागे येतो आणि 'ओ' ज्याच्यावर क्रिया होते त्याच्यामागे.

'नेको गा इनु ओ मिमास.' मांजर कुत्र्याला बघतं.
'नेको ओ इनु गा मिमास.' मांजराला कुत्रा बघतो!

शब्द जागच्या जागी, नुसत्या शेपटांची अदलाबदल झाली आणि बघणाराच बदलला.

आता मराठी मुलं हमखास अडखळतात ती जागा. 'शाळेत आहे' आणि 'शाळेत वाचतो', दोन्हीकडे आपण '-त'च लावतो. जपानीत मात्र नुसतं असणं असेल तर 'नि', आणि तिथे काही काम चाललं असेल तर 'दे'. म्हणून 'गाक्को नि इमास', पण 'गाक्को दे योमिमास'. हाच 'दे' साधनासाठीही चालतो. 'बासु दे इकिमास', म्हणजे बसने जातो.

तेव्हा दोस्तांनो, मराठीचं व्याकरण पक्कं असेल, तर जपानीचं अर्धं दार उघडलंच म्हणून समजा. विभक्तीच्या तासाला आता जांभया देऊ नका हं!

डोकं चालवा : उचि म्हणजे घर. 'मी घरात पुस्तक वाचतो' हे वाक्य पूर्ण करा.
'वाताशी वा उचि ___ होन ___ योमिमास.'

उत्तर पुढच्या अंकात!