शकुंतलेचा सात-बारा

कारंजा लाडच्या शाखेत माझी बदली झाली तेव्हा मूर्तिजापूरहून मी शकुंतलेनेच गेलो. गाडीला वाफेचे इंजिन होते. गार्डच तिकिटे देई आणि वाटेत उतरून फाटकही लावी. सात-आठ माणसांच्या जिवावर हा सारा संसार चाले. १९२१ साली मँचेस्टरला घडलेल्या इंजिनाने १९९४ पर्यंत ही नोकरी केली, मग डिझेल आले. आमच्यासारख्यांना मात्र अठ्ठावन्न-साठला घरी पाठवतात!

आता गाडीच नाही. यवतमाळपर्यंतच्या ११३ किलोमीटर रुळांवर जागोजागी बाभळी माजल्या आहेत. ‘शकुंतला वाचवा’ म्हणणारी माणसे आहेत. अचलपूरच्या फाट्यासाठी तर सत्याग्रहही झाले. तरुण पोरे विचारतात, ‘काका, आम्ही श्रमदान करतो, झुडपे तोडतो, मग अडचण कसली?’

अडचण बँकेतल्या माणसाला चटकन दिसते. कर्जाची फाईल आली की आम्ही आधी सात-बारा पाहत असू. किलिक निक्सन कंपनीच्या कारभारातली ही लाईन १९५१च्या राष्ट्रीयीकरणातून सुटली. रूळ कंपनीचे, गाड्या सरकारी रेल्वेच्या, आणि दोघांमध्ये करार. त्यामुळे डागडुजी कोणी करायची, हा वाद कायमचाच. मालकीचा कागद असा असेल तर स्वयंसेवकाने कुदळ मारायची कोणाच्या परवानगीने? देणगी गोळा केली तर ती कोणाच्या मालमत्तेत ओतायची? शिवाय प्रवासी बसवायचे म्हटले की रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी हवी. ती श्रमदानाने मिळत नाही.

वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ साली स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, जगात पहिल्यांदाच. त्यांच्या उत्साहाचे कौतुक सगळे करतात. पण त्याआधी काय घडले ते पाहा. मालक सर हेडन जोन्स १९५० साली वारले आणि त्यांच्या पत्नीने कंपनीचे शेअर्स स्वयंसेवकांच्या हवाली केले. म्हणजे आधी कागद, मग कुदळ. शिवाय ती लाईन अवघी अकरा-बारा किलोमीटरची.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, जुने मित्र रागावले तरी. शकुंतला वाचवा म्हणणाऱ्या सगळ्यांना एकच गोष्ट हवी आहे असे नाही. २०१६ साली रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंनी ब्रॉडगेजसाठी सुमारे दीड हजार कोटींची घोषणा केली, तेव्हा कारंजाचा कापूसवाला खूष झाला. त्याला मोठी गाडी हवी. वाशिमने आपली मीटरगेज २००८ साली मोठी झालेली पाहिली आहे. कारंजाने का मागे राहावे? आणि त्याच जागेवर ब्रॉडगेज आली तर छोटे रूळ उखडणारच.

मला विचाराल तर कारंजाला ब्रॉडगेजच मिळावी. गरीब माणसाला स्वस्त गाडी आधी, माझ्या आठवणी नंतर. मात्र उखडण्यापूर्वी कारंजाजवळचा आठ-दहा किलोमीटरचा तुकडा बाजूला राखावा आणि तेवढ्याचाच करार रेल्वे, कंपनी आणि एखादा नोंदणीकृत न्यास यांच्यात व्हावा. सगळे ११३ किलोमीटर मागून स्वयंसेवक स्वतःचीच दमछाक करून घेतील.

हा करार रखडवून चालणार नाही. नॅरोगेजच्या स्लीपरचे, इंजिनाचे काम हाताने केलेली माणसे आता माझ्या वयाची आहेत. पोरांना शिकवायचे तर त्यांनीच.