रेंज नाही, गोटूल आहे

दोस्तांनो, 2020 साली सरकारनं फर्मावलं : शाळा बंद, मोबाइलवर शिका. गडचिरोलीच्या जंगलात कुठलं नेट न् कुठली रेंज? आणि पोराच्या जिभेवरची गोंडी त्या पडद्यावर होती का?

धानोरा तालुक्यातल्या मोहगावनं 2019 सालीच ग्रामसभेत ठरवून गोंडीतून शिकवणारं गोटूल उघडलं. बक्षीस काय? 2022 साली नोटीस : शाळा बेकायदा! 2009 चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, मान्यता नसेल तर लाखापर्यंत दंड, वर रोजचे दहा हजार. अन् 1956 पासून घटनेत बसलेलं कलम 350क? प्राथमिक शिक्षणाची सोय मातृभाषेतून करा, असं ते सरकारला सांगतं. ते तुडवणाऱ्याला दंड कोण ठोकणार?

‘शिका’ म्हणणाऱ्या बापाची लेकरं आपण. मोहगावची लढाई आपलीच.

जय भीम! जय सेवा!