सँडर्सची गोष्ट आपण अर्धीच सांगतो



केएफसीच्या कर्नल सँडर्सची गोष्ट तुम्ही रील्समध्ये शंभर वेळा ऐकली असेल. म्हातारपणी कंगाल झाला, दारोदार फिरला, हार मानली नाही, श्रीमंत झाला. टाळ्या! पण माझ्या मते धंदा करणाऱ्याच्या कामाचा भाग त्यात राहूनच जातो.

१९३० मध्ये हार्लंड सँडर्सने अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, कॉर्बिन गावात हायवेवरचा पेट्रोल पंप चालवायला घेतला. थांबणाऱ्या प्रवाशांना भूक लागायची, म्हणून तो स्वतःच्या राहत्या जागेतल्या टेबलावर जेवण वाढू लागला. फ्राइड चिकन, हॅम, गरम बिस्किटं (चहातली नव्हे, मऊ पावासारखी). सगळं त्या भागातलं घरगुती खाणं. पुढे रेस्टॉरंट झालं.

अडचण एकच होती. चिकन तळायला अर्धा तास लागायचा आणि गाडीवालं गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही. आधीच तळून ठेवावं, तर उरलेलं वाया. १९३९ मध्ये त्याने प्रेशर कुकरमध्ये चिकन तळायची पद्धत बसवली. (घरच्या कुकरमध्ये हा प्रयोग करू नका हं!) चव राखली आणि वेळ आला काही मिनिटांवर. १९५२ मध्ये युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत पीट हार्मन यांनी हेच चिकन आपल्या रेस्टॉरंटमध्ये सुरू केलं. ही पहिली फ्रँचायझी.

तारखा नीट बघा. संकट त्यानंतर आलं! नवा हायवे गावाला वळसा घालून जाणार हे ठरलं, गिऱ्हाईक आटलं आणि १९५६ मध्ये सँडर्सला जागा लिलावात विकावी लागली. देणी फेडून हातात फारसं उरलं नाही. पण मसाला, पद्धत आणि दर कोंबडीमागे काही सेंट घ्यायचा करार, हे कुठल्याच लिलावात गेलं नाही. तेच घेऊन तो गाडीने गावोगाव फिरला. १९६४ मध्ये कंपनी विकली, २० लाख डॉलरला.

जिद्द हवीच हो, पण रिकाम्या हाताने जिद्द काय करणार? आपल्याकडेही बायपास होतात, उड्डाणपूल होतात, जागामालक दुकान खाली करायला सांगतो. लोकेशन आज आहे, उद्या नाही. तुमची चव आणि पद्धत मात्र तुमचीच.

तुम्ही म्हणाल, "सर, आमची एक वडापावची गाडी, आम्हाला कसली सिस्टीम?" अहो, सँडर्सनेही एका टेबलापासूनच सुरुवात केली. आज रात्री वहीत तीन गोष्टी लिहा:

१. गिऱ्हाईक माझ्याकडे नेमकं कशासाठी येतं?
२. त्याचं माप आणि कृती कागदावर आहे, की फक्त माझ्या हातात?
३. मी नसताना दुसऱ्याच्या हातून तीच चव येईल का?

तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल, तर कामाला लागा. धंदा चालू आहे तोवरच हे जमवायचं असतं.

तुमची उत्तरं कमेंटमध्ये टाका, मी वाचतोय!